स्विंग नृत्याचा पोशाख, घरशिवणीचा

स्विंग या जॅझच्या एका प्रकारच्या संगीतावर नाचण्यासाठी, साधारण १९३० ते १९५५ या काळातल्या अमेरिकी आणि ब्रिटिश धाटणीवर बेतून स्वतःच्या हाताने शिवलेले कपडे, आणि असे कपडे शिवण्याची रीत. लिंडी हॉप, बालबोआ, शॅग, जाइव्ह हे नाच जिथे जिथे नाचले जातात तिथे ही हौस आढळते. जुने कपडे जमवण्याच्या छंदाशी तिची नेहमी गल्लत केली जाते. नाचणाऱ्याला खरा जुना कपडा फारसा कामाचा नसतो. ऐंशी वर्षांपूर्वीचे रेयॉन क्रेप घामाने भिजले की बगलेत विरते, जुना दोरा एखाद्या गिरकीतच तुटतो, आणि बाजारात उरलेले बहुतेक जुने फ्रॉक लहान मापाचे असतात. म्हणून धाटणी जुनी, पण कापड आणि शिवण आजची, असा हा व्यवहार आहे. कपडा आरशात कसा दिसतो यापेक्षा हात वर केला, पाय फाकवला, जोडीदाराने गर्रकन फिरवले की तो कसा वागतो, यावरच त्याची परीक्षा होते.

यातल्या लिंडी हॉपचे माहेर न्यूयॉर्कमधले हार्लेम. लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांच्या मधोमध १२ मार्च १९२६ रोजी सव्हॉय बॉलरूम सुरू झाली आणि १९५८ पर्यंत चालली. काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचू शकत अशा त्या काळातल्या मोजक्या जागांपैकी ती एक होती. गुरुवारची रात्र तिथे ‘किचन मेकॅनिक्स नाइट’ म्हणून ओळखली जाई, कारण घरकाम करणाऱ्या बायकांना गुरुवारी सुट्टी असे. हा तपशील पोशाखाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. आज चित्रांत दिसणारा झगमगाट पाहून तो श्रीमंतांचा पोशाख वाटतो, पण नाचणारे बहुतांशी कष्टकरी होते, आणि अशा घरांत नवा फ्रॉक म्हणजे घरच्या मशीनवर किंवा ओळखीच्या शिवणारीकडून शिवून घेतलेला फ्रॉक. १९३५ च्या सुमारास फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवण्याची करामत इथेच केली. त्या एका उडीने स्कर्टच्या घेरापासून आतल्या चड्डीपर्यंत सगळ्याच गोष्टींचा विचार करणे भाग पाडले असणार.

घरशिवण शक्य झाली ती कागदी पॅटर्नमुळे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. १८७० मध्ये मॅकॉल, पुढे व्होग आणि १९२७ मध्ये सिंप्लिसिटी या कंपन्या त्या धंद्यात आल्या. सुरुवातीचे पॅटर्न कोरे असत. पातळ कागदाच्या तुकड्यांवर छपाई नसे, नुसती भोके पाडलेली असत, आणि कोणते भोक टक्ससाठी, कोणते घडीसाठी, हे शिवणारीने ओळखायचे. असे पॅटर्न आजही लिलावात आणि जुन्या बाजारात मिळतात. त्यात नवशिक्यांना हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे नंबर. १९४० च्या दशकात १४ नंबरचा पॅटर्न ३२ इंच छातीला बसे. १९६८ नंतर त्याच १४ नंबरची छाती ३६ इंच झाली. म्हणून पाकिटावरचा नंबर न पाहता छातीचे माप पाहायचे, आणि मूळ कागदाला कात्री न लावता त्यावरून दुसऱ्या कागदावर आकार उतरवून घ्यायचा. शिवणक्लासात ब्राउन पेपरवर कटिंग करून वहीत चिकटवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धाने या पोशाखाला त्याचा ओळखीचा आकार दिला. आज ज्याला ‘चाळीसच्या दशकाची फॅशन’ म्हणतात त्यातली बरीचशी कापडाची टंचाई आहे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने होती आणि एका लोकरी फ्रॉकला त्यातली ११ खर्ची पडत. चुण्या, खिसे, बटणे किती असावीत यावरही नियम आले. १९४३ मध्ये सरकारने जुने उसवून नवे कसे करावे याची पुस्तिका काढली. रेशन उठायला मार्च १९४९ उजाडला. अमेरिकेत १९४२ च्या ‘एल-८५’ या हुकमाने स्त्रियांच्या स्कर्टची लांबी आणि घेर बांधून टाकले. अरुंद, गुडघ्यापर्यंतचा, चार किंवा सहा कळ्यांचा स्कर्ट हा त्या हुकमाचाच आकार. निकामी पॅराशूटच्या रेशमातून किंवा नायलॉनमधून आतले कपडे शिवले जात. पॅराशूटच्या पाकळ्या मुळात त्रिकोणी असल्याने त्या कळीदार बेताला आपसूक जुळत.

त्याआधीच्या मंदीच्या वर्षांत अमेरिकेच्या खेड्यांत पिठाच्या आणि कोंबडीखाद्याच्या सुती पोत्यांचे फ्रॉक शिवत. बायका पोती धुऊन वापरतात हे लक्षात आल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला आणि नाव धुतले जाईल अशा शाईत लिहायला सुरुवात केली. एकाच नक्षीची तीन-चार पोती जमली की एका मोठ्या बाईचा फ्रॉक होई. नवऱ्याला खाद्य आणायला पाठवताना कोणत्या नक्षीचे पोते आणायचे हे बजावून सांगावे लागे.

कापड हा त्या काळात राजकारणाचाही विषय होता. खांद्यांना भरपूर कापूस भरलेला लांब कोट आणि घोट्याशी आवळलेली घेरदार पॅन्ट, म्हणजे झूट सूट, हा काळ्या आणि मेक्सिकन-अमेरिकन तरुणांचा नाचाचा पोशाख. लोकरीवरच्या निर्बंधांनंतर तो घालणे देशद्रोहासारखे रंगवले गेले, आणि जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांनी रस्त्यात पोरांना गाठून मारले आणि त्यांचे सूट अंगावरून ओरबाडून काढले. आज हौसेने झूट सूट शिवणाऱ्याला एवढे ठाऊक असावे.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये क्रिस्त्याँ दिओर या फॅशनकाराने आवळ कंबर आणि प्रचंड घेर यांचा संग्रह दाखवला आणि टंचाईची धाटणी मागे पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये ज्युली लिन शार्लो हिला नाताळच्या मेजवानीला घालायला काही नव्हते आणि शिवणही धड येत नव्हती. फेल्टचा पन्हा मोठा असतो आणि त्याची कड उसवत नाही, हे हेरून तिने बिनजोडाचा एक गोल कापला, मधे कंबरेचे भोक पाडले आणि त्यावर नाताळची झाडे चिकटवली. मागणी आली तेव्हा झाडांच्या जागी कुत्री आली. तोच पुढचा प्रसिद्ध, पूडल जातीच्या कुत्र्याचे नाव मिरवणारा पूडल स्कर्ट. शिवणकलेतले एक सर्वांत लोकप्रिय वस्त्र शिवता न येण्यातून निघाले, याची गंमत वाटते.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. लिंडी हॉपच्या कार्यक्रमाला पूडल स्कर्ट घालून येणारे भेटतात. सव्हॉयच्या बहराच्या काळात, म्हणजे १९३० च्या दशकात, असा स्कर्ट नव्हताच. तेव्हाचे स्कर्ट नितंबांवर चपखल आणि गुडघ्याच्या आसपास उमलणारे, तर युद्धकाळातले आखूड आणि काटकसरी. पूर्ण गोल घेर आणि खाली फुगीर पेटीकोट ही रॉक अँड रोलची, १९५० च्या दशकाची वेशभूषा. नाचायला कुणी कुणाला अडवत नाही, पण पोशाख ‘त्या काळचा’ म्हणून मिरवायचा असेल तर दशक तरी जुळावे.

तरीही घरी शिवायला सगळे प्रथम हातात घेतात तो पूर्ण गोल स्कर्टच, आपल्याकडचा अंब्रेला कट. त्याचे गणित शाळेतले आहे. कंबर भागिले ६.२८ म्हणजे आतल्या वर्तुळाची त्रिज्या. कंबर २८ इंच असेल तर ती साधारण साडेचार इंच येते. लांबी २६ इंच धरली तर बाहेरची त्रिज्या साडेतीस इंच, आणि खालचा घेर जवळजवळ १९१ इंच, म्हणजे पाच वारांहून जास्त. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात अखंड गोल बसत नाही. दोन अर्धगोल काढावे लागतात, आणि माया धरून साडेतीन वार कापड लागते. अर्ध्या गोलाच्या स्कर्टला घेर सुमारे ११० इंच पडतो. बालबोआसारख्या अंगालगतच्या, छोट्या पावलांच्या नाचाला तो पुरतो, आणि बसताना शेजारच्याच्या मांडीवर पसरत नाही.

गोलाची खोड अशी की कापडाचा काही भाग उभ्या धाग्यावर येतो आणि काही उरेब, म्हणजे धाग्याला तिरका. उरेब भाग स्वतःच्या वजनाने लोंबतो. शिवल्या शिवल्या खालची घडी घातली तर आठवडाभरात स्कर्ट दोन बाजूंनी खाली उतरतो. म्हणून कमरेला पट्टा लावून तो किमान एक रात्र, जमल्यास दोन दिवस टांगून ठेवायचा, मग अंगात घालून दुसऱ्या कुणाकडून जमिनीपासून पट्टीने माप घेऊन खूण करायची आणि जास्तीचे कापून टाकायचे. ही पायरी गाळणारे पुष्कळ, आणि फोटोत ते लगेच ओळखू येतात. खाली घडीही अरुंद घ्यायची, कारण रुंद घडी गोलावर बसत नाही, तिला चुण्या पडतात.

१९५२ मध्ये बटरिकचा ६०१५ क्रमांकाचा पॅटर्न निघाला. न्याहारीनंतर शिवायला बसावे आणि दुपारच्या जेवणाला घालून निघावे, म्हणून त्याचे नाव पडले ‘वॉकअवे ड्रेस’. पुढे कंपनीने तो पुन्हा छापला आणि नव्या पिढीतल्या असंख्य जणींचा तो पहिला जुन्या धाटणीचा फ्रॉक ठरला. तीनच तुकडे, पुढे सरळ पट्टा, मागे गोल घेर, तो पुढे गुंडाळून बटणावर अडकवायचा. दिसायला छान. मात्र काठाला वारच्या वार उरेब पट्टी लावावी लागते, आणि मागचा जड घेर पुढचा गळा ओढत राहतो. घेर टांगून ठेवायचा म्हटले तर दुपारचे जेवण दुसऱ्या दिवशीवर जाते. जोरात गिरकी घेतली की गुंडाळलेला भाग उघडतो, तेव्हा नाचाला तो चालतो असे म्हणवत नाही.

नाचाच्या कपड्यातली खरी कसोटी बगलेत असते. मोकळे वाटावे म्हणून नवशिके बाहीचा गोल खोल कापतात आणि नेमके उलटे घडते. हात वर केला की सगळी चोळी वर सरकते. गोल जितका बगलेजवळ, तितका हात मोकळा. जुन्या पॅटर्नमध्ये हा गोल उंच असतोच, शिवाय चोळी आणि बाही एकाच तुकड्यात कापलेली असेल तर बगलेत चौकोनी तुकडा उरेब बसवलेला असतो. त्याचे चारही कोपरे सुईने नेमके पकडणे हे या छंदातले सर्वांत किचकट काम. पुरुषांच्या १९३० च्या दशकातल्या काही कोटांना पाठीवर खांद्यांच्या मागे उघडणाऱ्या दोन घड्या असत, त्याही याच कारणासाठी. पॅन्ट उंच कमरेची, पुढे चुण्यांची, पट्ट्याऐवजी गॅलिसवर पेललेली. पोट आवळले जात नाही आणि खाली बसून उठले तरी शर्ट बाहेर येत नाही.

म्हणून आधी मांजरपाटात कच्चा नमुना शिवायचा, आणि तो घालून खरोखर नाचून पाहायचे. उभे राहून टाचण्या लावल्याने काही कळत नाही. चेन डाव्या कुशीत लावायची रीत १९३० च्या दशकाच्या अखेरीपासूनची आहे, पाठीवरची लांब चेन नंतरची. कापड घाम शोषणारे हवे. सुती पॉपलिन, रेयॉन, वजन असलेली व्हिस्कोस क्रेप चालते, पण शिवण्याआधी धुवायलाच हवी, कारण क्रेप आटते. पॉलिएस्टर दिसते बरे, पण तिसऱ्या गाण्यानंतर पश्चात्ताप होतो. स्कर्टखाली आखूड चड्डी ही लाजेची नव्हे, सोयीची बाब.

१९८० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन आणि स्वीडनमधल्या तरुणांनी सव्हॉयच्या जुन्या नर्तकांना शोधून काढले. टपाल खात्यात नोकरी करणारा फ्रँकी मॅनिंग पुन्हा शिकवू लागला आणि २००९ मध्ये वारला. स्वीडनमधल्या हेरेंग गावात १९८२ पासून नृत्यशिबिर भरते. पुनरुज्जीवनाबरोबर पोशाखही परतला. काळ्या हौशींनी त्यात एक जोड दिली : धाटणी जुनी, मूल्ये जुनी नकोत. ज्या काळाचे कपडे आपण कौतुकाने घालतो त्या काळात त्यांच्या आजी-आजोबांना बहुतेक नाचघरांच्या दारातूनच परत पाठवत असत.

मुंबईचा या संगीताशी संबंध जुना आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवत, आणि चिक चॉकलेटसारखे गोवेकर वादक त्यांच्याकडे पाहून तयार झाले. हेच गोवेकर वादक पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले आणि स्विंगचा ठेका हिंदी चित्रपटांतून मराठी घरांतल्या रेडिओवर पोहोचला. अलीकडे मुंबई-बंगळूरला लिंडी हॉपचे लहान गट जमतात. त्यांच्यापैकी शिवणाऱ्यांना पेटीकोटसाठी कडक जाळी शोधावी लागत नाही, लेहंग्याच्या सामानात ती कॅनकॅन नावाने मिळते. धातूची चेन मात्र मिळते ती जीन्सची, जाड दात्यांची, आणि क्रेपच्या कुशीत लावली की ती कापडाला ओढते.