पातळ सेंद्रिय पटलांतील रेणूंची दिशा

पातळ सेंद्रिय पटलातले रेणू उभे आहेत, आडवे की तिरके, हे त्यांनी शोषलेल्या प्रकाशावरून ओळखण्याची वर्णपटमितीतील पद्धत. पटलाची जाडी अनेकदा एका रेणूएवढीच, म्हणजे दोन-तीन नॅनोमीटर असते.

कोकणात याचे जवळचे उदाहरण काजूच्या टरफलाचे तेल. वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यांत हात भाजणारे म्हणून ते बदनाम आहे. तापवल्यावर त्यातील अ‍ॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कार्डानॉल उरते. या रेणूचे फिनॉलचे डोके पाण्याकडे ओढ घेते, 15 कार्बनांची शेपटी पाणी टाळते. पाण्यावर पसरलेले पटल बाजूंनी दाबत नेले की शेपट्या उभ्या होऊ लागतात. मात्र बऱ्याच शेपट्यांत दुहेरी बंधांमुळे बाक असतो, त्यामुळे त्या एकमेकींना खेटून बसत नाहीत. असे पटल घन पृष्ठावर उचलून घेण्याचे तंत्र अर्व्हिंग लँगम्यूर आणि कॅथरीन ब्लॉजेट या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाते.

रेणूतील प्रत्येक कंपनाला ठरावीक दिशा असते. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र त्या दिशेला असले तरच शोषण भरपूर होते. म्हणून ध्रुवित, म्हणजे विद्युत क्षेत्र एकाच दिशेत असलेला, अवरक्त प्रकाश वापरतात. धातूच्या पृष्ठालगत पृष्ठाला समांतर क्षेत्र जवळजवळ नाहीसे होते, फक्त लंब कंपने दिसतात. शेपटीतील CH₂ गटांची ताण-कंपने, म्हणजे बंध लांब-आखूड होण्याची कंपने (वर्णपटात सुमारे 2920 व 2850 सेंमी⁻¹ या ठिकाणी, म्हणजे एका सेंटिमीटरात मावणाऱ्या तितक्या लहरी), शेपटीच्या अक्षाला काटकोनात असतात. त्यामुळे सोन्यावर शेपट्या ताठ उभ्या असतील तर वर्णपटातील हीच शोषणाची शिखरे फिकी पडतात. नवख्याला वाटते, पटल बसलेच नाही!

यातून मिळणारा कलण्याचा कोन (पृष्ठावरील लंबापासून मोजलेला) सरासरीचा असतो. सगळे रेणू 54.7 अंशांनी कललेले असोत वा पार अस्ताव्यस्त, या मापनात दोन्ही सारखेच दिसतात. एवढ्यावरून कोन छातीठोकपणे सांगणे धाडसाचे. दुसऱ्या पद्धतीची जोड हवीच.

कोकणच्या पावसाळी हवेत आणखी एक अडचण. पाण्याची वाफ स्वतःच अवरक्त प्रकाश शोषते, आणि उपकरणात प्रकाश आत-बाहेर जाण्यासाठी असलेल्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या दमट हवेने धुरकट होतात. खिडक्यांसाठी उपकरण कोरडे ठेवण्याला पर्याय नाही. वाफेवर मात्र तोड आहे: प्रकाशाची ध्रुवणदिशा झपाट्याने बदलत दोन्ही दिशांतील शोषणाचा फरकच मोजायचा. वाफेचे रेणू दिशाहीन असल्याने दोन्हीकडे सारखेच शोषतात आणि वजाबाकीत बहुतांशी गळून पडतात.