घंटी बंद करणारा कर्नल

जुलै संपत आला होता. पीकविम्याचा शेवटचा दिवस, आणि पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या सेवा केंद्रासमोर सकाळी सातपासून रांग. माणसं निंबाच्या सावलीत, रांगेत नुसत्या चपला. आप्पांचा नंबर आला तेव्हा खुर्चीवरचा पोरगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, ‘‘आप्पा, सर्व्हर डाऊन शे. दुपारले या.’’

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तठली लाईट गयी व्हई.’’

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे गावात या विषयावरचा शेवटचा शब्द माझा असतो. ‘‘लाईट गेली नाही आप्पा, उलट तिथं काम जास्त झालंय,’’ एवढंच तेव्हा बोललो. बाकीचं सांगायचं राहिलं, ते इथे सांगतो.

आप्पांना हसायचं कारण नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रंही ‘संकेतस्थळ बंद पडलं’ असंच छापतात. पण बंद पडलेलं यंत्र गप्प असतं. अशा दिवशी त्या सर्व्हरच्या खोलीत डोकावलात तर पंखे घोंघावत असतात, प्रोसेसर जीव तोडून राबत असतो. राबणं शंभर टक्के, पदरात शून्य. आता हा घोटाळा बऱ्याचदा डेटाबेसमध्ये किंवा वरच्या सॉफ्टवेअरमध्ये होतो, हे खरं. पण या रोगाचं सगळ्यात मूळ आणि सगळ्यात देखणं रूप अगदी तळाशी, यंत्र चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये दिसतं. मला ते फार आवडतं.

कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे. सरकी फोडली की आत जो मगज निघतो, तेल ज्याच्यात असतं, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स नावाचा कर्नल आहे आणि जगातल्या बहुसंख्य सर्व्हरमध्येही तोच. ब्राउझर, व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप यांपैकी कुणालाच नेटवर्क कार्डाला, म्हणजे यंत्र नेटला जोडणाऱ्या भागाला, हात लावायची परवानगी नसते. सगळ्यांनी कर्नलकडे अर्ज करायचा. या अर्जाच्या खिडकीला सॉकेट म्हणतात. ती बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी ४.२बीएसडी या आपल्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिममधून १९८३ साली सर्वांपुढे आणली. त्याच वर्षी १ जानेवारीला अमेरिकेतलं अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज, टीसीपी/आयपी या माहिती पाठवण्या-घेण्याच्या नियमांवर आलं होतं. खिडकीचा नमुना आजही जवळपास तोच आहे. चाळीस वर्षांत कॉम्प्युटरमधलं दुसरं फारसं काही असं टिकलेलं नाही.

आता पॅकेट. तुम्ही पाठवलेला फॉर्म, फोटो, पैसे, सगळं साधारण दीड हजार बाइटच्या पुडक्यांत तुटून जातं. पुडकं सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर पोचलं की कार्ड ते प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत टाकतं. कर्नलने त्यासाठी आधीच रिकाम्या जागांची एक गोल माळ मांडून ठेवलेली असते. तिला रिंग म्हणतात. कितीतरी कार्डांत या माळेत २५६ किंवा ५१२ घरं असतात. घर भरलं की कार्ड घंटी वाजवतं. या घंटीचं नाव इंटरप्ट. घंटी वाजली की प्रोसेसरने हातातलं काम होतं तिथे ठेवायचं, कुठवर आलो होतो ते टिपून ठेवायचं, आणि उठायचं. माऊस असो, कीबोर्ड असो, डिस्क असो, सगळ्यांशी यंत्र असंच वागतं. शिष्टाचार चांगला आहे. पण तो माणसाच्या बोटांच्या वेगाला शोभणारा आहे.

वेग बघा. एक गिगाबिटच्या तारेवर दीड हजार बाइटची पुडकी ठासून आली तर सेकंदाला सुमारे ८१ हजार येतात. लहानात लहान, म्हणजे ६४ बाइटची, आली तर १४ लाख ८८ हजार. म्हणजे दर ६७२ नॅनोसेकंदांना एक. प्रोसेसर आपल्या घड्याळाच्या ठोक्यांवर काम करतो, आणि तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात साधारण दोन हजार ठोके मिळतात. घंटी ऐकून उठणं, टिपणं, परत बसणं, यातच त्यातले शेकडो जाऊ शकतात. दहा गिगाबिटची तार घेतली तर हातात उरतात दोनशे.

इथे धरणगावकडचं एखादं जिनिंग डोळ्यांपुढे आणा. नोव्हेंबर-डिसेंबर, कापसाचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत उभे. समजा मालकाने काटकसर म्हणून एकच माणूस ठेवलाय. फाटकावर पावती तोच फाडणार, भुईकाट्यावर वजन तोच करणार, माल उतरवून पैसेही तोच देणार. मालकाची सक्त ताकीद अशी, की फाटकाची घंटी वाजली की बाकी सगळं सोडून आधी पावती फाडायची.

दिवसाला वीस गाड्या असतात तोवर काहीच अडत नाही. पन्नास झाल्या की माणूस धावतो. दोनशे झाल्या की गंमत सुरू होते. तो काट्याकडे वळतो तोच घंटी. परत फाटक, पावती. परत काट्याकडे, परत घंटी. आवारात पावती घेतलेल्या गाड्यांची दाटी होते. जागा संपते. मग पावती हातात असलेल्या गाडीलाच तो सांगतो, ‘जागा नाही, मागे घ्या.’ संध्याकाळी हिशेब केला तर पावत्या दोनशे आणि उतरवलेला कापूस शून्य क्विंटल. माणूस मात्र दिवसभर बसलेला नाही.

जुन्या कर्नलमध्ये नेमकं हेच व्हायचं. घंटीचं काम सगळ्यात वरच्या मानाचं. त्याखाली आयपी, टीसीपी हे नियम तपासण्याचं काम. आणि सगळ्यात खाली, उरल्यासुरल्या वेळात, तुमचा अर्ज वाचणारा प्रोग्रॅम. पुडक्यांचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की प्रोसेसर पुडकी आत घेण्यातच संपून जायचा. मधली रांग भरायची, आणि ज्या पुडक्यावर मेहनत खर्च झाली तेच फेकलं जायचं. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या अवस्थेवर एक निबंध सादर केला. तिला त्यांनी दिलेल्या नावाचा मराठीत अर्थ ‘जिवंतपणीची कुलूपबंदी’ असा काहीतरी होईल. यंत्र मेलेलं नाही, झोपलेलं नाही, पण बाहेरून बघणाऱ्याला मेल्यासारखंच. आप्पांचं ‘लाईट गयी’ हे बाहेरून केलेलं निदान म्हणून वाईट नव्हतं.

तुमच्या मनात आलेलं उत्तर मला ठाऊक आहे: मोठा प्रोसेसर घ्या. घ्या की. पण तारेचा वेगही तेवढाच वाढत जातो, आणि मर्यादा फक्त पुढे सरकते, जात नाही. रोग ताकदीचा नाही, मानाच्या क्रमाचा आहे.

एका जागी (नाव नको) मी सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची टांगलेली पाहिली आहे. दसऱ्याला त्याच कपाटावर झेंडूचे हार होते, थेट हवा आत घेणाऱ्या जाळीवर. पूजेला माझी ना नाही. आमच्याकडे नांगराची होते, ट्रॅक्टरची होते, कॉम्प्युटरने काय घोडं मारलंय? पण खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि प्रोसेसर तापला की जीव वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करतो. म्हणजे मघाच्या दोन हजार ठोक्यांतले काही गेले, आणि कुलूपबंदी तेवढ्या आधी आली. नजर लागली म्हणतात ती बहुधा जाळीला. तेच नेटचा वेग वाढवतो म्हणणाऱ्या ‘नेट बूस्टर’ ॲपचं. सर्व्हरच्या फाटकावरची गर्दी तुमच्या फोनमधल्या रंगीत बटणाने हटत नाही.

मग उपाय काय? तो इतका साधा आहे की ऐकून राग यावा. पहिली घंटी वाजली की घंटीच बंद करून टाकायची.

लिनक्ससाठी ही रचना जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव या तिघांनी २००१ च्या सुमारास मांडली. तिला नापी म्हणतात. लांब नाव ‘न्यू एपीआय’. पंचवीस वर्षं होत आली तरी नाव ‘नवीन’च आहे, आपल्याकडच्या ‘नवीन बस स्टँड’सारखं. चाल अशी: पहिलं पुडकं आलं, कार्डाने घंटी वाजवली. कर्नल उठतो आणि सगळ्यात आधी कार्डाला सांगतो, आता गप्प बस, मी स्वतः येऊन बघेन. मग तो सवडीने रिंगकडे जातो आणि एका फेरीत जास्तीत जास्त ६४ पुडकी उचलतो. उचललेल्यांची विल्हेवाट पूर्ण लावतो. रिंग रिकामी झालेली दिसली तरच घंटी परत चालू. नसेल झाली तर घंटी बंदच, पुढची फेरी.

सगळ्या कार्डांची मिळून एका दमात साधारण ३०० पुडकी, किंवा काही मिलिसेकंद, यांतलं जे आधी संपेल तिथे तो थांबतो. उरलेलं काम एका वेगळ्या कामगाराकडे जातं, आणि हा कामगार बाकीच्या प्रोग्रॅमच्याच पंगतीत बसतो. त्याला वेगळा मान नाही. त्यामुळे तुमचा अर्ज वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाही ताटात काहीतरी मिळतं.

यातला खरा डाव नीट बघा. कामकाज कमी असतं तेव्हा घंटी चालू असते, म्हणून एकट्या आलेल्या पुडक्याला ताटकळावं लागत नाही. गर्दी झाली की घंटी आपोआप मुकी होते, आणि एका उठण्याच्या खर्चात चौसष्ट कामं होतात. गर्दी जेवढी जास्त तेवढा दर पुडक्यामागचा खर्च कमी! घंटी कधी बंद करायची हे कुणी आकडेमोड करून ठरवत नाही, ते रिंगच ठरवते. आणि त्याहूनही सुंदर भाग म्हणजे गर्दी पार हाताबाहेर गेली तरी काय होतं? रिंग भरते, नवीन पुडकं ठेवायला घर नसतं, आणि कार्ड ते स्वतःच टाकून देतं. प्रोसेसरचा एकही ठोका खर्च न होता. जिनिंगच्या भाषेत, पावती फाडून मग हाकलण्यापेक्षा गाडी फाटकाबाहेरच थांबली. नुकसान झालंच, पण आतला कापूस उतरत राहिला.

उचललेल्या पुडक्याचं पुढे काय होतं ते भरभर सांगतो. पुडक्याच्या पहिल्या आवरणावर एक आकडा असतो. तो सोळाच्या पद्धतीत ०८०० असेल तर ते आयपीच्या चौथ्या आवृत्तीकडे जातं, ८६डीडी असेल तर सहाव्या आवृत्तीकडे. आयपीचं आवरण सोललं की आत दुसरा आकडा: ६ म्हणजे टीसीपी, १७ म्हणजे यूडीपी, १ म्हणजे आयसीएमपी. कर्नलमध्ये हे नियम एकमेकांत कालवलेले नसतात. प्रत्येक जण यंत्र सुरू होताना एका तक्त्यात आपलं नाव लिहून जातो: ‘या आकड्याचं काही आलं तर मला हाक मार.’ म्हणून उद्या नवा नियम आला तरी जुन्यांना धक्का न लावता तक्त्यात एक ओळ वाढते. शेवटी पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट, या चार आकड्यांवरून नेमकी खिडकी, म्हणजे सॉकेट, सापडते. पुडकं तिथल्या टोपलीत पडतं. प्रोग्रॅम ‘वाच’ म्हणाला की टोपलीतला मजकूर त्याच्या मेमरीत उतरवला जातो. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर जाऊ द्या, माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांच्याही जातो.

टीसीपीचं एक मात्र सांगायलाच हवं. तो प्रत्येक पोचपावतीबरोबर समोरच्याला कळवतो की टोपलीत अजून किती जागा आहे. टोपली भरली की जागा शून्य असं कळवतो, आणि समोरचा पाठवायचं थांबतो. म्हणजे ट्रॅक्टर फाटकावर येऊन अडकत नाही, घरच्या खळ्यातूनच निघत नाही. यूडीपीला ही अक्कल नाही, तो आपला येतच राहतो. पण टीसीपीचा हा निरोप फक्त ज्याच्याशी बोलणं आधीच सुरू आहे त्याला जातो. पाच मिनिटांत दहा वेळा पान नव्याने उघडणाऱ्याची नवी विनंती या शिस्तीत अजून आलेलीच नसते, ती सरळ फाटकावर धडकते. त्या दिवशी सेवा केंद्रातला पोरगा बोटाने टकटक करत हेच करत होता. बाकीच्या केंद्रांवरची पोरंही तेच करत असणार.

तुमच्याकडे लिनक्सचं यंत्र असेल तर हा सगळा व्यवहार उघड्यावर बघता येतो. ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘नेट’, त्यात ‘सॉफ्टनेट स्टॅट’ नावाची फाइल. उघडली की प्रत्येक प्रोसेसरची एक ओळ, आणि आकडे सोळाच्या पद्धतीतले, म्हणून मध्येच अक्षरं. पहिला रकाना उचललेल्या पुडक्यांचा. दुसरा, मधली रांग भरल्यामुळे फेकलेल्यांचा. तिसरा म्हणजे एका दमाचा तो ३०० पुडक्यांचा किंवा वेळेचा वाटा किती वेळा संपला आणि काम बाकी ठेवून उठावं लागलं. कार्डाने फाटकाबाहेरच टाकलेली पुडकी इथे दिसत नाहीत, ती कार्डाच्या स्वतःच्या हिशेबात मोजली जातात.

मागच्या परीक्षेत आमच्या लॅबमधली साठ पोरं एकाच वेळी पेपर उघडत होती तेव्हा मी ही फाइल उघडून बसलो होतो. तिसरा रकाना अधूनमधून एकेकाने वाढत होता. दुसऱ्यात शेवटपर्यंत शून्यच. एक पोरगा मागून म्हणाला, ‘‘सर, सर्व्हर डाऊन आहे का?’’ त्याची नेटची वायर निघाली होती.

आणि आप्पांचा अर्ज? दुपारी गेला नाही, संध्याकाळी गेला नाही. रात्री पावणेबाराला, रांगेतल्या चपला संपल्यावर, पहिल्या फटक्यात गेला.