आशियाई लोकसंख्या परिषद: सरकारांची कोणती आणि संशोधकांची कोणती

'आशियाई लोकसंख्या परिषदेने असं म्हटलं आहे.' हे वाक्य लेखांत, भाषणांत, प्रबंधांच्या प्रस्तावनेत इतक्यांदा भेटतं, की ते दिसलं की माझा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या परिषदेने? या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. एक सरकारांची. ती संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली भरते आणि पहिल्यांदा १९६३ च्या डिसेंबरात नवी दिल्लीत भरली. दुसरी संशोधकांची, म्हणजे एशियन पॉप्युलेशन असोसिएशन या व्यावसायिक संघाची. या संघाची पहिली परिषद २०१० च्या नोव्हेंबरात भरली आणि तीही नवी दिल्लीतच. सरकारांची २००२ ची परिषद बँकॉकला, २०१३ ची बँकॉकला. संघाची दुसरी, २०१२ ची, तीही बँकॉकला. शहरं तीच, विषय तोच, पुष्कळदा जमणारी माणसंही तीच. एकदा गोंधळ होणं मी समजू शकतो. पण अभ्यासू लोकांनीही तो वर्षानुवर्षं चालू ठेवावा, याचं मला वाईट वाटतं.

मराठीत या गोंधळाला आणखी खतपाणी मिळतं ते 'परिषद' या शब्दामुळे. आपल्याकडे परिषद 'भरते' आणि परिषद 'असते'ही. मराठी विज्ञान परिषद ही संस्था आहे, गोलमेज परिषद हा मेळावा होता. त्यामुळे 'आशियाई लोकसंख्या परिषद' म्हटलं की सरकारांचा मेळावा, संशोधकांचा मेळावा आणि संशोधकांची संस्था असे तिन्ही अर्थ त्यात बसतात. भरीस भर म्हणून न्यूयॉर्कची १९५२ साली स्थापन झालेली पॉप्युलेशन कौन्सिलही काही जण 'लोकसंख्या परिषद' म्हणून आणून बसवतात. ती यांपैकी काहीच नाही, ती संशोधन करणारी स्वतंत्र संस्था आहे. तिला इथेच सोडू.

सरकारांची परिषद बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. दिल्ली १९६३, टोकियो १९७२, कोलंबो १९८२, बाली १९९२, मग २००२, २०१३ आणि २०२३ बँकॉक. यजमान संयुक्त राष्ट्रांचा आशिया व पॅसिफिकसाठीचा आर्थिक व सामाजिक आयोग, म्हणजे एस्कॅप. १९७४ पर्यंत त्याचं नाव इकाफे होतं, म्हणून जुन्या कागदांत ते सापडतं. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या आयोगाच्या ५३ सदस्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि नेदरलँड्स आहेत. सौदी अरेबिया किंवा इराक नाहीत, कारण त्या भागासाठी संयुक्त राष्ट्रांचा वेगळा आयोग आहे. तेव्हा 'आशियाने ठरवलं' असं लिहिताना हा आशिया नकाशातला नसून सदस्ययादीतला आहे, एवढं तरी ध्यानात असावं.

आता खरा फरक. संस्था मोठी कोणती, जुनी कोणती, पैसा कुणाकडे जास्त, हे सगळं दुय्यम आहे. सगळं अडतं ते एकाच प्रश्नावर: सदस्य कोण आहे?

सरकारांच्या परिषदेत सदस्य असतो देश. टेबलावर देशाच्या नावाची पाटी असते आणि तिच्यामागे बसलेला माणूस, तो कितीही मोठा अभ्यासक असो, त्या पाटीच्या वतीने बोलतो. संशोधकांच्या संघात सदस्य असते व्यक्ती. तिथे गळ्यातल्या ओळखपत्रावर माणसाचं नाव असतं, खाली त्याची संस्था. तो जे मांडतो ते त्याचं स्वतःचं असतं आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. फरक एवढासाच दिसतो, पण बाकी सारं त्यातून निघतं.

भारतीय वाचकाला हे समजावायला बुखारेस्टसारखं उदाहरण नाही. १९७४ साली तिथे जागतिक लोकसंख्या परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व आरोग्यमंत्री करण सिंग यांच्याकडे होतं. 'विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक' हे वाक्य तेव्हापासून जगभर फिरतं आहे आणि आजही पुष्कळ जण ते लोकसंख्याशास्त्राने सिद्ध केलेला निष्कर्ष म्हणून उद्धृत करतात. तो निष्कर्ष नव्हता, ती भूमिका होती. दोनच वर्षांनी, १९७६ च्या एप्रिलात, त्याच मंत्र्यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं. शिक्षण आणि आर्थिक विकासामुळे जन्मदर खाली येईल म्हणून वाट पाहत बसणं व्यवहार्य नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्या दोन वर्षांत जननदराबद्दल असा कोणता शोध लागला होता? कुठलाही नाही. बदललं होतं ते सरकारचं धोरण, आणि देश जननदर मोजून नव्हे तर धोरण पाहून बोलतो. देशाने असं करण्यात गैर काही नाही. गैर हे, की आपण त्या वाक्याला संशोधनाचा दर्जा देतो.

दुसरं उदाहरण २०१३ चं. बँकॉकला भरलेल्या सरकारांच्या सहाव्या (आशिया-पॅसिफिक) परिषदेचा जाहीरनामा मतदानाने संमत झाला: ३८ बाजूने, ३ विरोधात, १ तटस्थ. सरकारांमध्ये हे होणारच. जाहीरनाम्याचा एकेक शब्द म्हणजे वाटाघाट असते, आणि लैंगिक व प्रजनन हक्कांसारख्या विषयावर तर ती रात्र-रात्र चालते. आता संशोधकांच्या परिषदेत असं मतदान कल्पून पाहा. एका दालनात कुणी मांडतं, की अमुक देशात बाळंतपणाच्या अनुदानाने जन्म वाढले. शेजारच्या दालनात त्याच देशाची दुसरी अभ्यासक तीच आकडेवारी घेऊन दाखवते, की ते जन्म वाढले नाहीत, नुसते आधी झाले. जोडप्यांनी पुढे होणारं मूल अलीकडे आणलं. या दोघांत हात वर करून निकाल लावायचा? निकाल लागेल तो पुढच्या दहा वर्षांच्या आकड्यांनी. म्हणून 'परिषदेने ठराव केला' हे वाक्य संशोधकांच्या परिषदेबद्दल लिहिलेलं दिसलं, की लिहिणाऱ्याने गल्लत केली असं खुशाल समजावं. संघाची सर्वसाधारण सभा ठराव करते, पण ते घटना, वर्गणी आणि निवडणुकीबद्दल. जननदराबद्दल नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की माणसं तर तीच असतात. हो, असतात. सरकारी संस्थेत काम करणारी अभ्यासक एका वर्षी शिष्टमंडळाची सल्लागार म्हणून जाते आणि दुसऱ्या वर्षी स्वतःचा निबंध घेऊन. पहिल्या ठिकाणी आपल्या देशाची जनगणना लांबली याबद्दल ती टेबलावर तक्रार करू शकत नाही. दुसऱ्या ठिकाणी तोच तिच्या निबंधाचा विषय असू शकतो. माणूस एकच, पण बोलण्याचा अधिकार दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेला. खुद्द त्या अभ्यासकांना हे चांगलं कळतं. गफलत होते ती त्यांचं म्हणणं उद्धृत करणाऱ्यांची.

व्यक्ती की देश हा प्रश्न आशियात पहिल्यांदा उभा राहिला असंही नाही. १९२७ साली अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांच्या पुढाकाराने जिनिव्हात जागतिक लोकसंख्या परिषद भरली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी पॅरिसला लोकसंख्या अभ्यासकांचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. पण त्याची बांधणी राष्ट्रीय समित्यांची होती: देशाची समिती सदस्य, अभ्यासक तिच्यामार्फत. शांततेच्या काळात ही रचना निरुपद्रवी दिसते. मग १९३५ ची बर्लिन परिषद आली आणि नाझी वंशविचाराला लोकसंख्याशास्त्राच्या नावाने व्यासपीठ मिळालं. देशाचा रंग बदलला की राष्ट्रीय समितीचाही बदलतो, आणि मग तिच्यातल्या एकट्या अभ्यासकाला स्वतःचा आवाज उरत नाही. महायुद्धानंतर, १९४७ साली, संघाची पुनर्रचना झाली ती वैयक्तिक सदस्यत्वावर. आजचा इंटरनॅशनल युनियन फॉर द सायंटिफिक स्टडी ऑफ पॉप्युलेशन तो हाच. माझ्या मते या क्षेत्राच्या संस्थात्मक इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटनादुरुस्ती आहे, आणि तिची आठवण फारच कमी लोक काढतात.

जागतिक परिषदांचं नेमकं उलटं झालं. १९५४ ची रोमची आणि १९६५ ची बेलग्रेडची परिषद संयुक्त राष्ट्रांनी या संघाला सोबत घेऊन भरवली होती. तिथे तज्ज्ञ आले ते व्यक्ती म्हणून. १९७४ ला बुखारेस्टमध्ये पहिल्यांदा सरकारं आली आणि त्यानंतर मेक्सिको सिटी, कैरो सगळ्या सरकारांच्याच. नावात 'लोकसंख्या' कायम राहिलं, पण खुर्च्यांवर बसणारे बदलले. आजच्या निम्म्या गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं: रोम आणि कैरो यांना एकाच मालिकेतले भाग समजून वाचण्याची सवय.

आशियाकडे येऊ. प्रादेशिक संघ उभारण्यात आशिया मागे राहिला. अमेरिकेतला संघ १९३१ चा, युरोपचा १९८३ चा, आफ्रिकेचा १९८४ चा, लॅटिन अमेरिकेचा २००४ चा. जगातली निम्म्याहून जास्त माणसं जिथे राहतात तिथे मात्र अभ्यासकांचा स्वतःचा खंडव्यापी मेळावा व्हायला २०१० उजाडलं. अभ्यासक नव्हते म्हणावं तर जपानचा राष्ट्रीय संघ १९४८ चा, भारताचा इंडियन असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पॉप्युलेशन १९७१ चा, चीनचा १९८१ चा. मुंबईत चेंबूरला १९५६ साली सुरू झालेलं लोकसंख्या प्रशिक्षण केंद्र तर सुरुवातीपासून साऱ्या आशिया-पॅसिफिकसाठी होतं; आज ते देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून उभं आहे. तिथे शिकलेले लोक आशियाभर सरकारी खात्यांत आणि विद्यापीठांत आहेत. एकमेकांना ओळखणारी माणसं होती, संस्था होत्या. मग उशीर का?

माझं उत्तर असं, की सरकारांची परिषद होती म्हणूनच. दर दहा वर्षांनी एक मोठा मेळावा भरत होता, बँकॉकमध्ये कायमचं कार्यालय होतं, प्रकाशनं निघत होती. 'आशियाचं व्यासपीठ आहेच की' असं वाटायला तेवढं पुरे होतं. संशोधनाचं व्यासपीठ आपल्याकडे नाही हे जाणवायला वेळ लागला. तोवर आशियातल्या जन्मदरावरचा निबंध वाचायला आशियातलाच अभ्यासक अमेरिकेतल्या संघाच्या वार्षिक सभेला जात होता, व्हिसा आणि तिकिटाची तजवीज झाली तर. दिल्लीनंतर बँकॉक, मग २०१५ ला क्वालालंपूर आणि २०१८ ला शांघाय इथे संघाच्या परिषदा भरल्या. एखाद्या तरुण संशोधिकेला शेजारच्या देशात जाऊन आपले आकडे त्याच क्षेत्रातल्या अभ्यासकांपुढे ठेवता येणं, ही गोष्ट कुठल्याही जाहीरनाम्याइतकीच मोलाची आहे असं मी मानतो.

असा संघ उभारताना एक मोह प्रत्येक वेळी समोर येतो: राष्ट्रीय संघ तयार आहेतच, त्यांचाच महासंघ करू. सोपं, स्वस्त, लगेच होणारं. मला हा मार्ग साफ नापसंत आहे. एक तर त्यातून राष्ट्रीय समित्यांच्या, १९२८ च्याच चुकीकडे परतणं होतं. शिवाय ज्या देशात राष्ट्रीय संघच नाही, किंवा आहे पण सरकारी खात्याच्या मुठीत आहे, तिथल्या अभ्यासकाने कुठून यायचं? तैवानला संयुक्त राष्ट्रांत जागा नाही. पण सदस्य व्यक्ती असेल तर तिथला संशोधक ओळखपत्रावर स्वतःचं नाव लावून येऊ शकतो. वैयक्तिक सदस्यत्वाचीही एक खरी अडचण आहे. 'एक माणूस एक मत' म्हटलं की भारत आणि चीनचे सदस्य मिळून कार्यकारिणी भरून टाकू शकतात आणि भूतानचा किंवा लाओसचा एकुलता सदस्य कायम प्रेक्षकांत. त्यावर उपाय उपप्रदेशांना राखीव जागा देणं, आणि वर्गणी देशाच्या उत्पन्नाप्रमाणे कमी-जास्त ठेवणं. एवढं घटनेत सुरुवातीलाच लिहावं. मागाहून लिहायला गेलं, की ज्यांना बहुमत मिळालं आहे ते सोडत नाहीत.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. सरकारांची साधारण दहा वर्षांनी, संघाची दोन-तीन वर्षांनी. तिथे निमंत्रण परराष्ट्र खात्यामार्फत, इथे निबंधाचा सारांश पाठवून निवड. तिथे शेवटी जाहीरनामा, इथे निबंधांची यादी. संसद सदस्यांचा लोकसंख्याविषयक आशियाई मंच म्हणून आणखी एक संस्था बँकॉकलाच आहे. ती खासदारांची, या दोघींपैकी कुणाचीच शाखा नाही.

यापुढे लिहिण्यासाठी मी स्वतःपुरते शब्द ठरवून टाकले आहेत. संशोधकांच्या संस्थेला 'संघ', तिच्या मेळाव्याला 'अधिवेशन', आणि सरकारांच्या मेळाव्याला 'आंतरसरकारी परिषद'. 'संघटना' मी टाळतो, कारण तो शब्द ऐकला की मागण्या आणि मोर्चे डोळ्यांपुढे येतात, आणि इथे कुणाकडे काही मागायचं नसतं. शब्दांवरून वाद घालायचा असेल तर जरूर घालावा. पण पुढच्या वेळी '१९६३ साली दिल्लीत आशियातल्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी ठराव केला' असं लिहिण्याआधी त्या परिषदेच्या अहवालातली उपस्थितांची यादी उघडावी. ती देशवार लावलेली असते.