घाट चढून घरी यायचंय ना? मग गिअर मोजू नका, दाते मोजा

दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "गिअर किती? एकवीस की चोवीस?" सामान लादून लांब जाणाऱ्यानं तो सोडून द्यावा. सगळ्यात हलका गिअर किती हलका, हे विचारा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. त्यामुळं गोव्याला किंवा सावंतवाडीला जाताना घाट मजेत उतरतो, आणि परतताना, पाय दमलेले असताना, केरीहून चोर्ला नाहीतर दाणोलीहून आंबोली चढायची. तिलारी तर त्याहून खडा. शिवाय येताना पिशव्यांत काजू वाढलेले असतातच.

हिशेब असा: पुढच्या (पायडलजवळच्या) चक्राचे दाते भागिले मागच्या चाकावरच्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा घेर. ७०० x ३५ टायरचा घेर २.१७ मीटरच्या आसपास. पुढं ३४, मागं ३२ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.३ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे ताशी ८.३ किलोमीटर. स्वार, सायकल, सामान मिळून १०५ किलो आणि शंभर मीटरला सात मीटर चढ धरला, तर पायांना १८५ वॅटच्या घरात ताकद लावावी लागते. रोजची सवय नसलेल्याला हे तासभर जमत नाही. फेरे ४० वर येतात आणि गुडघे बोलू लागतात. तिथंच पुढं २२, मागं ३४ लावा: फेऱ्याला १.४ मीटर, ताशी ५ किलोमीटर, ताकद ११० वॅटच्या आसपास. गुरं हाकणारा माणूस शेजारून पुढं जाईल, जाऊ दे.

याहूनही हलका गिअर मिळतो, पण ताशी चारच्या खाली लादलेली सायकल डुलायला लागते. तेव्हा उतरून ढकललेलं बरं. वरच्या गिअरची काळजी नको. ४४ ला ११ असला तरी ९० फेऱ्यांत ताशी ४६-४७ होतात, आणि सामानासकट उतारावर आम्ही तरी त्याहून जोरात पायडल मारायला सांगणार नाही.

स्वस्तातला बदल मागचा: कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा जुडगा, २८ ची काढून ३४ ची (सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते). मात्र पुढं ४४-३२-२२ अशी तीन चक्रं आणि मागं ११ ते ३४ असेल तर डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेला, चेनची ४५ दात्यांची ढील ओढून धरावी लागते. रोडबाईकच्या आखूड डिरेलरला ते झेपत नाही, लांब केजचाच (चेन ताणून धरणाऱ्या लांब सांगाड्याचा) लागतो. चेनही नव्यानं मापावी लागते. आखूड चेन पुढच्या आणि मागच्या, दोन्ही सगळ्यात मोठ्या चक्रांवर एकदम गेली की डिरेलर मोडतो. पुढच्या बाजूला पाच बोल्टांचं वर्तुळ ११० मिलिमीटरचं असलेल्या क्रँकवर (पायडलचा दांडा) ३४ च्या फार खाली जाता येत नाही, तिथं क्रँकच बदलावा लागतो. खर्च जास्त, पण आमचं मत विचाराल तर लादून जाणाऱ्यानं तोच करावा.

मागं कॅसेटऐवजी हबच्या आट्यांवर फिरवून बसणारा चक्रांचा जुडगा, म्हणजे फ्रीव्हील, असेल तर आधी दाखवा. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, म्हणून ओझ्याखाली एक्सल (चाकाचा आस) वाकतो.

निघण्याआधी पिशव्या भरून येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण एकदा चढा. बसल्या बसल्या जमली नाही तर तशीच, सामानासकट, सायकल घेऊन या. दाते मोजून देण्याचे पैसे घेत नाही. हे पत्रक कानडीतही आहे, काउंटरवर मागा.