फ्रेंड्स विथ मनी : पैशाची तफावत आणि मैत्री

सुस्थितीतल्या मित्रमैत्रिणींच्या गटात एकीचीच कमाई तोकडी पडली, तर त्या मैत्रीचे काय होते हे दाखवणारा अमेरिकन विनोदी-गंभीर चित्रपट. लेखन आणि दिग्दर्शन निकोल होलोफ्सेनर यांचे. जानेवारी २००६ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवाचा पडदा याच चित्रपटाने उघडला आणि एप्रिलमध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. लांबी जेमतेम दीड तास. त्यात खून नाही, खटला नाही, कुणाचे दिवाळेही निघत नाही. तरीही पैसा मैत्रीत नेमका कुठून शिरतो हे इतक्या नेमकेपणाने पकडलेले फार थोड्या चित्रपटांत आढळते.

कथा लॉस एंजेलिसच्या सधन पश्चिम भागात घडते. चार मैत्रिणी आहेत. फ्रॅनीकडे (जोन क्युसॅक) घराण्याचा पैसा आहे, नोकरीची गरज नाही. जेन (फ्रान्सिस मॅकडॉर्मंड) महागडे कपडे डिझाइन करते. क्रिस्टीन (कॅथरीन कीनर) नवऱ्याबरोबर पटकथा लिहिते. चौथी ऑलिव्हिया (जेनिफर अ‍ॅनिस्टन) वयाने धाकटी, अविवाहित. पूर्वी ती सांता मोनिकातल्या श्रीमंतांच्या शाळेत शिकवत असे. तिची परिस्थिती पाहून विद्यार्थी तिला चिल्लर देऊ लागले, तेव्हा तिने ती नोकरी सोडली. आता ती लोकांच्या घरी साफसफाई करते.

ऑलिव्हियाची ओढाताण होलोफ्सेनर कुठल्याही भाषणाविना दाखवतात. ती मॉलमध्ये एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर जाऊन महागड्या क्रीमची फुकट सॅम्पल गोळा करते. फ्रॅनी तिची ओळख माइक नावाच्या व्यायाम प्रशिक्षकाशी (स्कॉट कान) करून देते. हा माणूस तिच्याबरोबर कामावर येतो, किरकोळ हातभार लावतो आणि वर तिच्या मजुरीतला वाटा मागतो. ती तो देतेही. पैशाची चणचण असलेल्या माणसाला नाही म्हणणेही कसे जड जाते, ते या एका व्यवहारात दिसते.

चित्रपटाचा गाभा मात्र एका छोट्या मागणीत आहे. आपणही व्यायाम प्रशिक्षक व्हावे असे ऑलिव्हियाच्या मनात येते आणि अभ्यासक्रमाच्या फीसाठी ती फ्रॅनीकडे पैसे उसने मागते. फ्रॅनी गडबडते, चाचरते, टाळते. हीच फ्रॅनी आणि तिचा नवरा मुलाच्या शाळेला भलीमोठी देणगी द्यायला तयार आहेत. फ्रॅनीला कंजूष ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. ती मनाने उदार आहे आणि चौघींत सर्वांत सुखी संसार तिचाच आहे. देणगी दिली की हिशेब तिथेच संपतो, वर पावती मिळते आणि नाव होते. मैत्रिणीला दिलेले हातउसने पैसे मात्र पुढच्या प्रत्येक जेवणाला टेबलावर हजर असतात: तिने नवे बूट घेतले तर डोळ्यांत येते, ती फोन उचलत नसली तर शंका येते. शिवाय पैसे देणाऱ्याला मत देण्याचा हक्क आल्यासारखे वाटते. हा अभ्यासक्रम तुला झेपेल का, हा प्रश्न फ्रॅनीने एरवी मैत्रीण म्हणून विचारला असता तर तो सल्ला ठरला असता. पैसे मागितल्यावर विचारला की ती छाननी होते.

दुसरे निरीक्षण बोलण्याविषयीचे. एकत्र जेवण आटोपले की प्रत्येक जोडपे आपापल्या घरी इतरांविषयी बोलते: कुणाचे लग्न टिकणार नाही, कुणाचा नवरा समलिंगी असावा, ऑलिव्हियाचे पुढे कसे व्हायचे. यात दुष्टपणा नाही, काळजीच जास्त आहे. पण जोडप्यांना मन मोकळे करायला घरी माणूस आहे, ऑलिव्हियाला कुणी नाही. ती सर्वांच्या चर्चेचा विषय आहे, चर्चेतला सहभाग मात्र तिच्या वाट्याला येत नाही. आज नव्याने भेटलो असतो तर आपली मैत्री झाली असती का, हा प्रश्नही चित्रपटात उघडपणे येतो.

पैशाने उरलेल्या तिघींचे सर्व सुरळीत होत नाही. क्रिस्टीन आणि तिचा नवरा घरावर वरचा मजला चढवतात आणि शेजाऱ्यांना दिसणारा समुद्र झाकला जातो. शेजाऱ्याच्या घरातून ते दृश्य पाहिल्यावरच तिला आपण काय केले ते कळते. जेन केस धुणे सोडते आणि रांग मोडणाऱ्यांवर भर दुकानात तुटून पडते. या भूमिकेसाठी मॅकडॉर्मंड यांना साहाय्यक अभिनेत्रीचा इंडिपेन्डंट स्पिरिट पुरस्कार मिळाला आणि तो सर्वस्वी योग्य होता.

विषय जुनाच आहे. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात असमान मित्रांचा विचार करताना म्हटले आहे, की वरचढ असलेल्याला मान अधिक मिळावा आणि गरजूला लाभ अधिक मिळावा. महाभारताच्या आदिपर्वात द्रुपदाने याहून कठोर भूमिका घेतली. बालपणीचा सोबती द्रोण दारी आला, तेव्हा दरिद्री माणूस धनवानाचा सखा होऊ शकत नाही असे सांगून त्याने त्याला परतवले. पुढे द्रोणाने शिष्यांकरवी द्रुपदाला पकडून आणवले, त्याचे अर्धे राज्य ठेवून घेतले आणि आता बरोबरीचे झालो म्हणून पुन्हा मैत्री मागितली. फ्रॅनी असे काही तोंडावर कधीच म्हणणार नाही. तिच्या समाजात सगळे समान असल्याचे गृहीत धरलेले असते, त्यामुळे तफावतीवर बोलायला शब्दच उरत नाहीत.

अ‍ॅनिस्टन यांच्या निवडीलाही पूर्वपीठिका आहे. १९९४ ते २००४ या काळात चाललेल्या ‘फ्रेंड्स’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, १९९५ साली, याच विषयावर एक भाग झाला होता. सहा मित्रांपैकी तिघे बऱ्यापैकी कमावतात, तिघांची ओढाताण होते. महागड्या हॉटेलात कमी कमावणारे जपून थोडेसेच मागवतात आणि बिल मात्र सर्वांत सारखे वाटायचा हिशेब मांडला जातो. तेव्हाही अ‍ॅनिस्टन यांची रेचल कमी कमावणाऱ्यांतच होती. आपल्याकडे टीटीएमएम (तुझे तू, माझे मी) करून असा प्रसंग निभावता येतो. पण कुठे जेवायला जायचे, हे ज्याच्या खिशाला परवडते तोच ठरवतो, तिथे टीटीएमएमही अपुरे पडते.

अशी मैत्री टिकण्याला मोठे सामाजिक मोल आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतील ७.२२ कोटी फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीचे जाळे तपासले. ज्या भागांत कमी उत्पन्नाच्या लोकांची श्रीमंतांशी मैत्री अधिक, तिथली गरीब घरांतली मुले पुढे अधिक कमावतात, असे त्यात आढळले. एकाच शाळेत किंवा परिसरात वावरूनही लोक आपल्याच आर्थिक स्तरातले मित्र निवडतात, हेही दिसले.

चित्रपटाचा शेवट वादग्रस्त आहे. साफसफाईच्या दरावर घासाघीस करणारा गबाळा, बेकार मार्टी (बॉब स्टीफन्सन) ऑलिव्हियाबरोबर एका महागड्या निधिसंकलन समारंभाला येतो आणि नंतर तो वारसाहक्काने गडगंज असल्याचे उघड होते. काहींना ही सोयीची पळवाट वाटते. पण उसन्या पैशांचा प्रश्न तसाच राहिला आहे. ऑलिव्हियाला आता तो विचारावा लागणार नाही, एवढेच. मार्टीने पैसे असूनही दरात घासाघीस केली होती, ही गोष्टही विसरता येत नाही. सुस्थितीतल्या माणसाला टोचणाऱ्या पैशाचा विषय होलोफ्सेनर यांनी पुढे २०१० च्या ‘प्लीज गिव्ह’मध्ये न्यूयॉर्कच्या पार्श्वभूमीवर पुन्हा हाताळला. तिथे कीनर यांनी जुन्या फर्निचरचा धंदा करणाऱ्या आणि रस्त्यावरच्या गरिबांना पैसे देत सुटणाऱ्या स्त्रीची भूमिका केली आहे.