अपेंडिक्सवरचा आळ

जून १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या आतड्यावर वॉल्टर रीड रुग्णालयात तातडीची शस्त्रक्रिया झाली, कारण क्रोन्स रोगामुळे, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहामुळे, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अडथळा निर्माण झाला होता. त्याआधी १९२३ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, पोटाच्या तक्रारींपायी त्यांचे अपेंडिक्स काढले गेले होते. तक्रारी मात्र थांबल्या नव्हत्या. १९२३ च्या डॉक्टरांना दोष देता येत नाही, कारण ज्या रोगाचे बारसेही झाले नव्हते तो त्यांनी ओळखावा कसा?

बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये उजव्या ओटीपोटातील दाहाचे मूळ बहुधा अपेंडिक्समध्ये असते हे दाखवून ‘अपेंडिसायटिस’ हे नाव रूढ केले आणि वेळीच केलेल्या शस्त्रक्रियेने असंख्य प्राण वाचले. या यशाच्या भरात महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या दुखण्यावरही ‘जुनाट अपेंडिसायटिस’चा शिक्का बसू लागला. शेजारचे आतडे पोट उघडल्याशिवाय नीट दिसत नसे, आणि अपेंडिक्स काढणे त्यामानाने सोपे होते.

ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅलझील यांनी १९१३ मध्ये अशा रुग्णांचे आतडे मरून ताठरलेल्या वाम माशासारखे घट्ट आणि गुळगुळीत लागते, असे नोंदवले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा या रोगाला स्वतंत्र ओळख मिळाली. त्यांतले बहुतेक रुग्ण तरुण होते, आणि काहींच्या पोटावर अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा व्रण आधीपासूनच होता.

जुनाट अपेंडिसायटिस खरोखर असतो, पण विरळा. त्यात दुखणे येऊन-जाऊन असते आणि मधल्या काळात रुग्ण बहुधा ठणठणीत असतो. उलट रेंगाळणारे जुलाब, घटते वजन, गुदद्वाराजवळचे भगंदर, किंवा वाढत्या वयातल्या मुलाची खुंटलेली उंची दिसली, तर संशय आतड्याकडे वळायला हवा. आपल्याकडे त्यात तिसरा संशयित असतो, तो म्हणजे क्षयरोग. तोही नेमका लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच ठाण मांडतो, आणि क्रोन्स समजून दिलेली स्टेरॉइड्स त्याला चेतवू शकतात. म्हणून दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा तुकडा क्षयाच्या जंतूंसाठीही तपासावा लागतो.