अठरा वर्षं पूर्ण झाली की आईची सही का चालत नाही?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत विशेष मूल, म्हणजे बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेलं मूल, आजी, काकू, आत्या अशा चार हातांत वाढायचं. ग्रहण पाळलं नाही म्हणून बोल लागायचा तो मात्र एकट्या आईला. परदेशी तज्ज्ञही फारसे पुढे नव्हते. आईला माया कमी म्हणून मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं, असं तिकडे १९५०-६०च्या दशकांत छातीठोकपणे सांगितलं जाई.

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात अपंगत्वं मोजली गेली, त्यांत स्वमग्नता नव्हतीच. ती आली १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेबरोबर. पालकांची झोप उडवणारा मुद्दाही याच कायद्याभोवतीचा. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. आईबापांचं नैसर्गिक पालकत्व तिथे संपतं. ज्याच्या शर्टाची बटणं आजही आई लावते, त्याच्या खात्यावर तिची सही पुरत नाही. मग कलेक्टरांच्या पातळीवरच्या अधिकाऱ्यासह तीन जणांच्या जिल्हा समितीकडे अर्ज करायचा, आपल्याच मुलाचे कायदेशीर पालक म्हणून नेमून घ्यायचं, सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब. गैरव्यवहार रोखायला हे हवं, हे मान्य. मालमत्तेवर डोळा ठेवणारे नातलग काही कमी नाहीत. पण 'आमच्यानंतर याचं कोण?' हा प्रश्न रोज उशाशी घेऊन झोपणाऱ्याला तो फॉर्म भरताना काय वाटत असेल, याचा विचार मसुदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

भारताने २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार स्वीकारला आणि वारं फिरलं. निर्णय व्यक्तीचा, पालक फक्त मदतीला, ही त्यातली भूमिका. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वांची यादी २१वर नेली आणि 'मर्यादित पालकत्व' आणलं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, ती व्यक्ती आणि पालक अशा दोघांच्या विचाराने. हक्कांच्या बाजूने हे रास्तच. मात्र १९९९चा कायदाही लागू राहिला, त्यामुळे कोणता कागद पुरेसा, हे कोडं पालकांच्याच गळ्यात पडलं.

याच २०१६च्या कायद्यात 'काळजीवाहक' म्हणून आईवडिलांचा स्पष्ट उल्लेख आहे. जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे, पण सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तेवढीच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क सगळ्यांना दिला. समुपदेशनाला जाणाऱ्या आईने तेवढे दोन तास मुलाला कोणापाशी ठेवायचं, हे मात्र या दोन्ही कायद्यांनी घरच्यांवरच सोडलं.